हे भाडं हाय, वर्गणी न्हवं

अक्षताच्या एम्ब्रॉयडरी मशीनची सुई सकाळपासून हलली नव्हती. उद्या तिची गिऱ्हाईक स्वप्नाली हिची हळद, आणि तिच्या ब्लाउजवरची कमळाची वेल कॉम्प्युटरमध्ये अडकून पडलेली. पडद्यावर एकच ओळ: 'आपली वर्गणी संपली आहे.'

पावसाळ्यात लग्नं नसतात, मग दर महिन्याला पैसे कशाला भरायचे, म्हणून तिनंच ते डिझाईनचं सॉफ्टवेअर बंद केलं होतं. डिझाईन्स तर आपलीच आहेत, असं तिला वाटलं होतं. होतीही तिचीच. फक्त उघडत नव्हती!

"वर्गणी?" सासूबाई सोनूबाई सार्थकला कडेवर घेऊन पडद्यात डोकावल्या. "विहाराची वर्गणी थकली म्हणून कुणी दारातनं परत पाठवलंय व्हय आपल्याला? हे भाडं हाय, वर्गणी न्हवं. भाडं थांबलं की कुलूप!"

"लुटारू हाईत सगळे," अक्षताचा नवरा सम्राट चपला घालत म्हणाला. "दोस्ताकडं फुकटातली कॉपी हाय. अर्ध्या तासात घालून देतो. कोण बघतंय?"

स्वप्नालीचे दोन फोन येऊन गेले होते. अक्षता म्हणाली, "आणा."

"थांब रे," सोनूबाई म्हणाल्या. "अक्षता, गेल्या वर्षी तुझं डिझाईन एका बाईनं फोटोवरनं उचललं, सोताचं म्हणून इकलं. दोन दिवस जेवली न्हाईस तू."

"आत्ती, ते वेगळं! ह्यांनी माझंच काम अडवून धरलंय."

"ते चुकीचंच. भांड की त्यांच्याशी! पण ते सॉफ्टवेअरबी कुणीतरी डोळं फोडून केलेलं काम हाय न्हवं? आनि सार्थक पोटात हुता, तवा एकदम इकत घ्यायला पैसं हुतं का आपल्याकडं? म्हैन्याच्या भाड्यावरच तुझी मशीन सुरू झाली. आता वर्साचं आठ म्हैनं काम असतंय, तर इकत घे. आमीबी भाड्याच्या खोलीतनंच सोताच्या घरात आलो."

अक्षताला एकदम लाज वाटली! सातव्या महिन्यात, पाठीला उशी लावून, याच सॉफ्टवेअरवर तिनं पहिलं डिझाईन काढलं होतं.

"नको, राहू द्या," ती सम्राटला म्हणाली.

तिनं एका महिन्याचे पैसे भरले. वेल उघडली, सुई धावू लागली. मशीन चालू असतानाच दोन वर्षांतली सगळी डिझाईन्स तिनं मशीनला थेट वाचता येतील अशा फाइलींत काढून पेन ड्राइव्हवर ठेवली. हा हंगाम संपला की एकदाच पैसे भरून कायमचं मिळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं, हेही ठरलं.

संध्याकाळी स्वप्नाली ब्लाउज उलटसुलट करून बघत म्हणाली, "ताई, वाचवलंत!"

"आत्तींना सांग," अक्षता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"आदी घालून बघ गं," सोनूबाई म्हणाल्या. "बाही घट्ट झाली तर शिव्याबी मलाच देशील!"

मित्रहो, महिन्याचं भाडं ही काही लूट नव्हे. हाती रक्कम नसते तेव्हा तेच आपल्याला उभं करतं, त्याचे आभारच मानावेत. पण नेहमी लागणारी वस्तू जमेल तेव्हा विकत घ्यावी, आणि भाड्यानं घेताना आधीच विचारावं: मी पैसे थांबवले, तर माझी मेहनत माझ्या हाती राहील का? आणि काहीच परवडत नसलं, तरी दुसऱ्याची मेहनत चोरू नये. आपली चोरीला गेल्यावर काय वाटतं, ते आपल्याला ठाऊक असतं!