समजलं, सर

नंदकिशोरनी गणपतीत, चारचौघांसमोर शब्द दिला होता.

जयपुरातल्या मराठी मंडळींच्या त्या जेवणाला मसालेभात संभाजीनं केला होता. तो लष्करात स्वयंपाकी. वय अडतीस, गाव साताऱ्याकडचं, शाळा आठवीत सुटलेली. दीड वर्षानं निवृत्त होणार, आणि पुढच्या नोकरीला जिथं विचारावं तिथं दहावी मागत होते. ओपन स्कूलचा फॉर्म त्यानं भरला होता, पण गणिताचं नाव काढलं की चेहरा उतरायचा.

"माझ्याकडे या," नंदकिशोर म्हणाले. "एप्रिलपर्यंत तुमचं गणित पक्कं करून देतो."

नंदकिशोर विमा कंपनीत अधिकारी. सत्तावन्न वर्षांचे, मूळचे नाशिकचे, बदलीमुळे चार वर्षं वैशालीनगरमध्ये. घरात शिकवायचं काम कायम त्यांचंच. मुलीला, अनुयाला, त्यांनीच गणित शिकवलं. ऑफिसात नवीन पोरं अडली की त्यांच्या टेबलाशी यायची. बायकोला, अलकाला, स्कूटर चालवण्यापासून ऑनलाइन तिकीट काढण्यापर्यंत सगळं त्यांनीच शिकवलं होतं.

बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी पाचला संभाजी यायचा. बूट दाराबाहेर जोडीनं लावून खुर्चीच्या कडेवर बसायचा. नंदकिशोर सुरेख पायऱ्यांनी गणित सोडवून दाखवायचे.

"समजलं?"

"समजलं, सर."

अडीच महिन्यांनी त्यांनी पन्नास मार्कांचा पेपर घेतला. संभाजीला नऊ मार्क पडले. नंदकिशोर रात्री जेवताना अलकाला म्हणाले, "माणूस चांगला आहे, पण डोकं नाही चालत त्याचं."

डिसेंबरात नंदकिशोरना तपासणीच्या कामासाठी दहा दिवस बिकानेरला जावं लागलं. परत आले तो रविवार होता. घरात कुणी नव्हतं. गच्चीवरून हसण्याचा आवाज येत होता म्हणून ते बॅग ठेवून वर गेले. उन्हात सतरंजी टाकली होती. तिच्यावर अलका आणि संभाजी समोरासमोर बसले होते, आणि संभाजी मान हलवत म्हणत होता, "नाही मॅडम, थांबा. हे मला पटलं नाही. पुन्हा सांगा."

नंदकिशोर जिन्याच्या दारातच थांबले. तीन महिन्यांत हा माणूस त्यांना एकदाही 'थांबा' म्हणाला नव्हता.

"अहो, या ना!" अलका म्हणाली. "गंमत कळली का? यांना गणित येतं. पुस्तक येत नाही."

पुस्तक हिंदीतलं होतं, आणि नंदकिशोर त्यातलेच शब्द वापरून शिकवायचे. संभाजीची आठवी मराठीतली. वीस वर्षं लष्करात हिंदी बोलला असला, तरी ती बोलण्यातली हिंदी. पुस्तकात 'भिन्न' लिहिलं होतं आणि तो त्याचा अर्थ 'वेगळं' असा लावत होता. तो आपला अपूर्णांक आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. 'हर' म्हणजे छेद, 'औसत' म्हणजे सरासरी, 'समकोण' म्हणजे काटकोन. अलकानं वहीत दोन रकाने पाडून असे साठ शब्द लिहिले होते.

"मला विचारायचं ना," नंदकिशोर संभाजीला म्हणाले.

संभाजी उठून उभा राहिला. "व्हय सर. लाज वाटली."

ती दोन रकान्यांची वही नंदकिशोरनी नंतर एकटे असताना उघडून पाहिली. एक शब्द तरी चुकलेला असावा म्हणून ते शेवटच्या पानापर्यंत गेले. एकही चुकला नव्हता. अलका बी.ए., तेही सेकंड क्लास. तिला स्वतःला गणित धड येत नव्हतं. अडलं की ती संभाजीलाच म्हणायची, "मलाही नाही आलं. चला, दोघं मिळून बघू."

आता संभाजी आल्या आल्या विचारायचा, "मॅडम वर आहेत का?" नंदकिशोर म्हणायचे, "आहेत." आणि तो दोन दोन पायऱ्या चढत वर जायचा.

शिकवणं सुटलं तरी बुधवारी ते पाचच्या आत घरी येतच राहिले. वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर बसायचे आणि मध्येच म्हणायचे, "अलका, ही पद्धत लांबची आहे." की संभाजी गप्प. पुढचा सगळा तास "समजलं, समजलं." शेवटी एकदा अलका म्हणाली, "तुम्ही जरा बागेत फिरून या ना." त्या दिवशी त्यांनी बागेला सात चकरा मारल्या आणि एकाही चकरेत दुसरा विचार आला नाही. आपल्याच घरातून आपल्याला बाहेर काढलं, आणि कुणासाठी, तर आपणच आणलेल्या माणसासाठी.

फेब्रुवारीत अलकानं तसाच पेपर घेतला. तपासायला मात्र नवऱ्याकडे दिला. नंदकिशोरनी तो तीनदा तपासला. एकतीस मार्क होत होते. उत्तरापुढे 'मीटर' लिहिलं नाही म्हणून त्यांनी दोन कापले.

मार्चच्या पहिल्या बुधवारी अलका भाजी आणायला गेली होती. नंदकिशोर खाली फाटकापाशी उभे होते. संभाजीनं मोटरसायकल लावली आणि त्यांनी ठरवलेलं नसताना त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आज नका येऊ. मॅडमना बरं नाही. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली आहे."

"काय झालं सर?"

"बीपी. फोनही करू नका, झोपलेल्या असतात. मी कळवीन."

अलकाला त्यांनी सांगितलं की संभाजीची तुकडी सरावाला गेली आहे, वाळवंटात, तिथे फोन लागत नाही. "ऐन परीक्षेच्या तोंडावर?" ती हळहळली. मग तिनं वहीत त्याच्यासाठी भूमितीची पानं तयार करायला घेतली. ते बघून त्यांना आणखीच राग आला. कुणाचा, हे त्यांना सांगता आलं नसतं.

सोळा दिवस गेले. सतराव्या दिवशी सकाळी बेल वाजली. अलकानं दार उघडलं. दारात संभाजीची बायको इंदुबाई, हातात स्टीलचा डबा.

"नाचणीची आंबील आणली मॅडम. पण तुमी उठून कशाला आलात? साहेब न्हाईत का घरात?"

"मला काय झालंय?"

इंदुबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग आत सोफ्यावर बसलेल्या नंदकिशोरकडे. "तुमचं बीपी... सर म्हणाले..." ती अडखळली. "ह्यांनी पुस्तकं पेटीत घालून ठेवल्यात. माझ्यामुळंच मॅडमला ताण आला म्हणत्यात. आता न्हाई शिकायचं म्हणत्यात."

अलकानं डबा घेतला. तिला बसवलं, पाणी दिलं, संभाजीची तुकडी कुठे आहे ते विचारलं. तुकडी जयपुरातच होती, कुठेही गेली नव्हती. इंदुबाई गेल्यावर तिनं दार लावलं.

"मला आजारी पाडलंत," ती म्हणाली.

नंदकिशोर सोफ्यावरून उठले. मग म्हणाले, "माझ्यासमोर तो कधी हसला नाही. एक प्रश्न विचारला नाही त्यानं मला."

"मीसुद्धा नाही विचारला." अलका शांतपणे म्हणाली. "तीस वर्षं तुम्ही शिकवताय आणि मी समजलं म्हणतेय. स्कूटरचा गिअर मला कौशिकनं शिकवला, तुमच्या भाच्यानं. तुम्ही ऑफिसला गेल्यावर." तिनं आंबिलीचा डबा ओट्यावर ठेवला. "आत्ताच्या आत्ता जा आणि संभाजीरावांना खरं काय ते सांगा. मी फोन करणार नाही. तुम्ही जा."

ते गेले. लष्करी वसाहतीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं नाव लिहून घेतलं, संभाजीला निरोप गेला. तो आला तो धावतच. "मॅडम कशा आहेत?"

"त्यांना काही झालेलं नाही. कधीच नव्हतं." नंदकिशोरना वाटलं होतं ऑफिसातल्यासारखं नीट वाक्य जुळवता येईल. जुळलं नाही. "मी खोटं बोललो, संभाजीराव. तुम्ही त्यांच्याकडे शिकता ते मला बघवेना."

संभाजी त्यांच्याकडे पाहत राहिला. पहारेकऱ्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

"सोळा दिवस गेले, सर," तो म्हणाला. एवढंच. मग मान खाली घालून, "संध्याकाळी येतो म्हणून मॅडमना सांगा."

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. अलका रोज बसली. नंदकिशोर त्या वेळात घराबाहेर राहायचे, कुणी न सांगता. जूनमध्ये निकाल लागला. संभाजी चार विषयांत पास झाला आणि गणितात चार मार्कांनी राहिला. भूमितीचे प्रश्न त्यानं कोरे सोडले होते. कुणीही नंदकिशोरना काही म्हणालं नाही. ते स्वतःच सोळा दिवस आणि चार मार्क ऑफिसात, गाडीत, आंघोळ करताना मोजत राहिले.

ऑक्टोबरात संभाजी पुन्हा बसला, आणि या वेळी चव्वेचाळीस मार्क मिळवून पास झाला. रविवारी तो आणि इंदुबाई पेढे घेऊन आले. दोघं अलकाच्या पाया पडले, मग नंदकिशोरच्या. हा क्रम नंदकिशोरच्या लक्षात आला आणि आत तेच जुनं टोचलं, जसंच्या तसं. वर्ष होत आलं तरी ते बोथट झालं नव्हतं.

"आता बारावी करा," ते म्हणाले. "कॉमर्स घ्या. मी हिशेबाचं..." पुढचं त्यांनी गिळलं.

संभाजी हसला. त्यांच्यासमोर, पहिल्यांदाच. "ते मॅडमना विचारून ठरवतो, सर."

"हो," नंदकिशोर म्हणाले. "त्यांनाच विचारा." आणि अलकाला हाक मारायला आत गेले.