शेंड्याचा मान

सुरी हार्योनोसाहेबांच्या हातात होती आणि सभागृहातल्या सगळ्या माना आमच्या यांच्याकडे वळल्या होत्या. मधल्या टेबलावर पिवळ्या भाताचा हातभर उंच सुळका, भोवती तळलेली कोंबडी, अंडी, शेंगा. या भाताचा शेंडा कापून सर्वांत मानाच्या माणसाला द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. त्यानं तो घेतला की कार्याला त्याचा आशीर्वाद मिळाला, हे शेंबडं पोरही जाणतं.

"तार्मुजीसाहेबांहून वडीलधारं इथं कोण आहे?" हार्योनो म्हणाले. "या साहेब. शुभारंभ तुमच्याच हातानं होऊ दे."

मी मागे बायकांच्या रांगेत होते. मनातल्या मनात यांना म्हटलं, उठू नका. पोटात कळ आली म्हणा, चक्कर आली म्हणा, पण जागचे हलू नका.

हे उठले. वर सदऱ्याची घडीही नीट केली.

आम्ही तिथे गेलो होतो ते एकच शब्द बोलायला. नाही म्हणायला.

पर्सेगोन हा काही कुणा शेठजीनं हौसेनं काढलेला फुटबॉल क्लब नव्हे. डच होते त्या काळी आमच्या गोंदोसारीतल्या छोट्या छोट्या क्लबांनी एकत्र येऊन तो उभा केला. एक रेल्वेवाल्यांचा, एक चिनी व्यापाऱ्यांचा, एक मशिदीच्या शाळेचा, एक साखर कारखान्याचा. पुढे खर्चाला पैसा सरकारी तिजोरीतून येऊ लागला आणि खेळाडूंना सरकारी नोकऱ्या मिळू लागल्या. आमचे हे उजव्या बाजूचे बचावपटू, म्हणून पाणीपुरवठा खात्यात लागले. सकाळी घरोघरी मीटर बघायचे, दुपारी सराव. गोलकीपर टपालात होता. सेंटर फॉरवर्डला कत्तलखान्यावर निरीक्षक नेमलं होतं आणि रक्त बघितलं की त्याला भोवळ यायची.

मग नियम आला की सरकारी पैशावर क्लब चालवायचा नाही. क्लबची कंपनी झाली, हार्योनो तिचे संचालक झाले आणि संघाचं रूपच पालटलं. पुढे ब्राझीलचा एक, मध्ये जपानचा एक, दोन्ही बगलांना पापुआचे दोघे भाऊ, मागे माकासारची मंडळी. गोंदोसारीचा म्हणावा असा एक राखीव गोलकीपर तेवढा उरला, तोही यांच्याच हाताखाली शिकलेला. तरी गावानं कुरकुर केली नाही. शर्टावर ऊस छापलेला होता, नाव आमचं होतं. जे आले त्यांना आम्ही आपलं म्हटलं. ब्राझीलवाला तर माझ्या गाडीवर शेंगदाण्याच्या चटणीचा भात खायला यायचा आणि मिरची मागायचा.

जुन्या छोट्या क्लबांकडे एक हक्क मात्र शिल्लक होता. पर्सेगोन विकायचा, त्याचं नाव बदलायचं किंवा तो दुसऱ्या गावी न्यायचा, तर सगळ्यांचं एकमत हवं. एकानंही नाही म्हटलं की गाडं अडलं. साखर कारखान्याला टाळं लागून जमाना झाला, पण त्याचा क्लब अजून आहे. त्याचे अध्यक्ष आमचे हे.

समुद्रापलीकडे कालिमंतानात रुस्लान म्हणून एक कोळशाच्या खाणींचा मालक आहे. त्याला वरच्या श्रेणीतला संघ हवा होता. खालून खेळत खेळत वर यायला दम लागतो. तयार क्लब विकत घ्यायचा, नाव पुसायचं, आपल्या गावी न्यायचा, झालं काम. आमच्या देशात याचं आता कुणाला नवलही वाटत नाही. मशिदीच्या शाळेला नवं छप्पर मिळालं, रेल्वेवाल्यांच्या मैदानाला कुंपण मिळालं, आणि एकेकाची मान डोलत गेली. उरले हे.

गावाची सगळी भिस्त मग यांच्यावर आली. संघामागे ढोल बडवणाऱ्या पोरांचा म्होरक्या पंजी, मोटरसायकली दुरुस्त करतो, तो माझ्या गाडीवर जेवता जेवता यांना म्हणाला होता, "काका, पाय गेले तुमचे. जीभ तरी चालते ना? एकच शब्द आहे."

"रेफरीला मी काय काय बोललोय ते तुझ्या बापाला विचार," हे म्हणाले. सगळे खो खो हसले. कुणीतरी यांच्या पाठीवर थापही मारली.

हार्योनोंचं बोलावणं आलं ते हंगामाच्या जेवणाचं, सहकुटुंब. जेवण आधी आणि विक्रीचं बोलणं नंतर, हे ऐकूनच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

तर यांनी शेंडा घेतला. दोन्ही हातांनी, वाकून. फोटो काढणारा फोटो काढून गेला. मग हार्योनोंनी माइक तोंडाशी नेला आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "साहेबांचा आशीर्वाद मिळाला. तेव्हा क्लबच्या हस्तांतराला सगळ्यांची संमती आहे असं मी धरतो. कुणाला काही बोलायचं आहे?"

हे ताटली घेऊन उभेच होते. ओठ हलले. मी बघितलं, हलले. पण ज्याच्या हातून शेंडा घेतला त्याला भर सभेत तोंडावर नाही म्हणायचं, हे आमच्यात आजवर कुणी केलेलं नाही. कसं करतात तेही कुणाला माहीत नाही. हे खाली बसले. टाळ्या पडल्या.

घरी येताना स्कूटरवर मी यांच्या पाठीशी बोलत होते.

"बोलला का नाहीत?"

"हातात शेंडा होता."

"खाली ठेवायचा."

"शेंडा खाली ठेवायचा? काय बोलतेस कळतंय का तुला?"

"मला सगळं कळतंय. गावाचा क्लब गेला, आणि कशावर? भाताच्या गोळ्यावर."

बंद कारखान्याचं फाटक गेलं, पूल गेला. मग समोर बघतच म्हणाले, "त्यांनी मला साहेब म्हटलं, तिनाह. एवढ्या लोकांत. जन्मभर मी मीटरवाला होतो."

राग तर मस्तकात गेला होता. अजून उतरलेला नाही. पण कुणावर काढायचा ते त्या दिवसापासून मला कळेनासं झालं आहे. हार्योनोंनी यांना बरोबर ओळखलं होतं, माझ्यापेक्षाही चांगलं ओळखलं होतं, हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वाकलेले हे, ताटलीत शेंडा, आणि तोंडावर हसू. मला वाटलं, आता घरावर दगड येतील, पोरं शिव्या देतील. तसं झालं असतं तर बरं होतं. दोन दगड झेलले असते, चार शिव्या परत दिल्या असत्या, पंधरा दिवसांत सगळं निवळलं असतं.

कुणी ब्र काढला नाही. उलट सगळे अदबीनं वागू लागले. रस्त्यात हे दिसले की सायकलवरून उतरून मान लववायचे. तब्येत विचारायचे. पंजीनं माझ्या गाडीवर येणं सोडलं नाही, पण हे असले की आवाज खाली, नजर खाली, आणि काका हा शब्द त्याच्या तोंडून गेला तो गेलाच. यांनी एकदा मुद्दाम त्याला चिडवून बघितलं, तुझ्या ढोलाला आता घुशी लागतील म्हणाले. तो नुसता "जी" म्हणाला.

नव्या नावानं संघाचा पहिला सामना टीव्हीवर होता. काळे शर्ट, दूरचं मैदान, आमचीच माणसं. माझ्या गाडीशेजारी कॉफीचं दुकान आहे, तिथे पोरं जमली होती. घरी बघा म्हणून मी यांना परोपरीनं सांगितलं. हे म्हणाले, सामना का कुणी घरी बघतं?

हे आत शिरले तशी पोरं उभी राहिली. सगळीच्या सगळी. पंजीनं टीव्हीसमोरची खुर्ची पुढे ओढली, खांद्यावरच्या फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "आपण इथं बसावं."

"अरे, मी इथं बाकावर बसतो तुमच्यात. सरका जरा."

"छे, छे. आपण बाकावर कसे?"

हे बसले. पोरं मागे सरकून भिंतीला टेकली. यांच्या दोन्ही बाजूंना हात पसरता येतील एवढी जागा मोकळी राहिली. खेळ सुरू झाला, पापुआच्या धाकट्या भावानं बगलेवरून चेंडू काढला, आणि सवयीनं यांनी मान वळवून काहीतरी म्हटलं. पोरांनी अदबीनं माना डोलावल्या.

दुकानदारानं पोरांना नेहमीसारखी उघड्या पेल्यांतून कॉफी दिली. यांच्यासाठी आतून ट्रेवर आली, परगावच्या पाहुण्याला देतात तशी, पेल्यावर झाकण घालून.