चाळिसावा दाणा

...मधोमध एक खड्डा होता, टाचणीच्या टोकाहूनही लहान, यंत्राच्या किरणानं पाडलेला; आणि त्याच्या भोवती दाण्याचे वाढत गेलेले पदर, कापलेल्या कांद्यासारखे, एकात एक. साल एक्क्याण्णव, महिना बहुतेक ऑक्टोबर. सकाळी साडेनऊला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती तो दाणा बघत होती, आणि आपण श्वास रोखून धरलाय हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं.

ती म्हणजे मीच. पण ती चौतीस वर्षांची होती, आणि इतक्या तरण्या बाईला 'मी' म्हणायला आता जीभ रेटत नाही.

तिचं काम दाणे वेचण्याचं. डोंगरातून आलेला दगड दळायचा, चाळायचा, पाण्यात घोळायचा, आणि तळाशी उरलेल्या चिमूटभर जड रेतीतून झिरकॉनचे दाणे सुईच्या टोकानं एकेक उचलायचे. झिरकॉन जन्मताना थोडं युरेनियम पोटात घेतो. त्याचं पुढे शिसं होत जातं, ठरल्या गतीनं, कुणासाठी न थांबता. किती झालं ते मोजलं की दाण्याचं वय कळतं. "तांदूळ तर मीही निवडते," आई म्हणायची, "मला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. पण माझं लग्न तरी झालं."

चाळीस दाणे दुसऱ्या शहरातल्या यंत्राकडे जाऊन परत आले होते, आणि काल त्यांच्या वयांचा फॅक्स आला होता. एकोणचाळीस दाणे एका वयाचे, एक्कावन्न कोटी वर्षांचे — म्हणजे दोन खंड एकमेकांवर आदळले, खालची जमीन वितळली, त्या काळातले. चाळिसावा एकशे ऐंशी कोटींचा.

"सापडली!" नकाशेवाला ओरडला होता. हातोडा आणि रंगीत पेन्सिली घेऊन सहा वर्षं तो एकच डोंगर तुडवत होता, म्हणून सगळे त्याला नकाशेवालाच म्हणत. त्या डोंगराखाली एका फार जुन्या खंडाची कड गाडली गेलीय, दोन खंडांची शिवण तिथूनच जाते, आणि डोंगरातलं तांबं त्या शिवणीतूनच वर आलंय, असं त्याचं म्हणणं. ते त्याच्याशिवाय कुणालाच पटत नव्हतं. "एवढ्या पोरांत एक आजीबाई, साहेब! आता बोला."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एका दाण्याच्या जोरावर?"

"खाली म्हातारी जमीन असल्याशिवाय म्हातारा दाणा येईल कुठून?"

"बरं बाबा. उद्या पाचच्या आत अहवाल दे. वर पाठवतो. दोन वर्षं वाढवून मिळतील." नाहीतर महिनाअखेर ते काम बंद, आणि नकाशेवाल्याला समुद्रकाठच्या एका कॉलेजनं बोलावलेलंच होतं.

दोन वर्षं... रात्रभर ती ते दोन शब्द उशाशी घेऊन पडली होती. शेजारच्या टेबलावर त्याची ती कोरडी खाकर, पेन्सिलींची टरफलं वाऱ्यानं तिच्या कागदांवर येणं, आणि "काय हो दाणेवाल्या बाई, आज कुणाची जन्मपत्रिका?" हा रोजचा एकच विनोद, ज्याला ती रोज हसायची. दोन वर्षं म्हणजे किती सकाळी? तिनं मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर कमी वाटल्या असत्या.

आणि म्हणूनच आता, खड्ड्यावर डोळा ठेवून, तिला जूनमधला तो बुधवार आठवायचा नव्हता. पण आठवणीला कुणी दार लावलंय?...

नियम असा होता की प्रत्येक दगडाला नवं कापड. नायलॉनच्या जाळीचा चौकोन कापायचा, कड्यात ताणून बसवायचा, दगड चाळून झाला की कात्रीनं त्याचे दोन तुकडे करायचे, म्हणजे मोह नको. हा नियम तिनंच घातलेला. दाणे माणसांपेक्षा चिवट असतात, ती नव्यांना सांगायची, विणीत अडकून बसतात आणि भलत्याच घरी उतरतात. त्या बुधवारी सव्वाचारला नकाशेवाला दारात उभा राहिला. "चहाला येता? मला पाचची बस आहे." चार वर्षांत त्यानं पहिल्यांदा विचारलं होतं. त्याचाच दगड त्याच दिवशी चाळून द्यायचा राहिला होता, नवं कापड कापून ताणायला अर्धा तास जाणार, आणि कड्यात सकाळचं कापड तसंच होतं, कात्री लागायची राहिलेलं. सकाळचा दगड जुन्या खाणीतला, ज्याचं वय तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. एकशे ऐंशी कोटी. तिनं कापड धुतलं, उजेडात धरलं, लख्ख दिसलं... आणि चाळलं.

चहा अठरा मिनिटं चालला. त्याच्या बहिणीच्या मुलीचे पुढचे दात पडलेत आणि तिला आता शिट्टी वाजवता येते, असं काहीसं तो सांगत होता. तिनं दोन बिस्किटं खाल्ली. इतकंच. पण बस गेल्यावर ती थांब्यावर उगीच उभी राहिली होती, आणि चुकल्याची बोच तेव्हा तिच्या मनाला शिवलीही नव्हती.

दुपारी डबा उघडून तसाच मिटला. खरा असेल की तो दाणा! असू शकतो. जुनी जमीन खाली असू शकते, नकाशेवाला काही मूर्ख नाही. दाण्यावर काही पत्ता लिहिलेला नसतो. आपण कुठे खोटं बोलतोय? कुणी विचारलंच नाही, तर सांगायचं काय...

चारला तो टाइप केलेले कागद घेऊन आला. "इथे सही. तेवढी तुमचीच राहिलीय." शेवटच्या पानावर, तिच्या नावाच्या वर, तिनंच कधीकाळी हट्टानं घालायला लावलेलं वाक्य होतं — प्रत्येक नमुन्यास नवे कापड वापरले आहे.

तिनं पेन उचललं. खाली ठेवलं.

"कापड जुनं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"जूनमध्ये. तुमचा दगड सकाळच्याच कापडातून चाळला. धुऊन घेतलं होतं, पण..."

"तुम्ही? तुम्ही असं केलंत?" त्याला राग यायच्या आधी नवल वाटलं. "का?"

"घाई होती."

"कसली घाई?"

त्याला चहा आठवत नव्हता. तिनं त्याच्या चेहऱ्यावर सगळीकडे शोधलं, नव्हता. तो स्टुलावर बसला, कागदांच्या कडा जुळवत राहिला, आणि मग एकदम हसला, फार दमलेलं. "म्हणजे आजीबाई शेजारच्यांची निघाली."

"असेल. नसेलही. पुन्हा दळून बघू या."

"यंत्राची पुढची पाळी चार महिन्यांनी आहे हो," तो म्हणाला, आणि उठला.

साहेब सेवानिवृत्तीनंतर बारा वर्षं गुलाब वाढवत जगले, आणि भेटेल त्या नव्या माणसाला माझं उदाहरण देत राहिले: खरेपणा शिकायचा तर हिच्याकडून. आई त्या ऑक्टोबरनंतर अकरा वर्षांनी गेली. शेवटपर्यंत तिनं मला तांदूळ निवडू दिले नाहीत, म्हणायची, तुला खडेच दिसतात. नकाशेवाला समुद्रकाठी गेला. तिथे त्यानं एका शिक्षिकेशी लग्न केलं, दोन मुली झाल्या, नववर्षाची कार्डं काही वर्षं येत राहिली. सहा वर्षांपूर्वी तो गेल्याचं कळलं. त्या डोंगरावर पुन्हा कुणी हातोडा घेऊन गेलं नाही, निदान माझ्या ऐकिवात नाही. खाली काय आहे ते मला ठाऊक नाही.

साहेबांचं ते बोलणं मी इतकी वर्षं जपलं. अलीकडे मात्र, सकाळी जाग येते आणि उठायचं काही कारण नसतं तेव्हा, पेन खाली ठेवतानाचा तो क्षण मी पुन्हा निरखते, आणि माझ्याच्यानं साहेबांना हो म्हणवत नाही. तो राहिला असता तर त्यानं कधीतरी पुन्हा विचारलं असतं, किंवा कधीच विचारलं नसतं. आणि यातलं काहीतरी एक मला सोसावं लागलं असतं. मी खरं बोलले, की घाबरले? दोन्ही एकाच तोंडातून, एकाच वाक्यात निघालं; आता कोण वेगळं करणार?

त्याची आठवण आता तशी येत नाही. येते ती त्या बाईची, जिनं सही केली असती, जी दोन वर्षं शेजारच्या टेबलाशी बसली असती, रोज थोडी खोटी, रोज थोडी सुखी... तिला मी कधी भेटले नाही. पण ती या घरात आली, तर तिला बसायला खुर्ची देईन, आणि आधी तिलाच बोलू देईन.