आपण कुशल असाल

मयताचं उत्तर आलं तेव्हा विनम्र चहात बिस्किट बुडवत होता.

‘महोदय, माझ्या निधनाबद्दल आपण व्यक्त केलेली सहवेदना पोचली. आभारी आहे. गेले काही दिवस मला शंका येतच होती. आपल्या मेलनं खुलासा झाला.’

बिस्किटाचा भिजलेला अर्धा भाग सुटला आणि कपाच्या तळाशी जाऊन बसला. विनम्रनं मेल पुन्हा वाचला. पत्ता तोच, आणि खाली नाव ज्यांच्या निधनाचं दुःख त्यानं सकाळीच कंपनीतर्फे व्यक्त केलं होतं, त्यांचंच.

विनम्र हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कंपनी श्रवणयंत्रांची. कानात बसवायची ती छोटी यंत्रं विकायची, बिघडली की दुरुस्त करून द्यायची. गिऱ्हाइकांना ऐकू येत नाही, तेव्हा फोन करून उपयोग शून्य. सगळा कारभार मेलवर. हा प्रत्येक मेल ‘आपला विनम्र’ असा संपवायचा, म्हणून ऑफिसनं त्याचं बारसं पुन्हा केलं होतं. अनोळखी माणसाच्या मेलमध्ये दार वाजवून शिरावं, असं त्याचं मत होतं. उद्गारचिन्ह म्हणजे समोरच्याच्या कॉलरला हात. त्याच्याआधी या खुर्चीवर जो होता, त्यानं बायकोला लिहिलेला ‘येताना साबण आण’ हा मेल चुकून सगळ्या ग्राहकांना पाठवला होता. दोघेजण खरोखर साबण घेऊन आले होते. विनम्रच्या हातून इतक्या वर्षांत असलं काही झालं नव्हतं, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

त्यानं मूळ मेल शोधून काढला. सुनेनं लिहिलं होतं, ‘आई गेल्या. त्यांच्या यंत्राचं काय करायचं ते कळवा.’ बस्स, एवढंच. नवरा-बायको दोघांचीही यंत्रं एकाच खात्यावर होती आणि खातं नवऱ्याच्या नावावर. विनम्रचा सांत्वनाचा मेल खात्यावरच्या पत्त्यावर जायचा आणि त्याच्या ठरीव मजकुरात खातेदाराचं नाव आपोआप येऊन बसायचं. ते हातानं बदलायचं असतं. ते राहिलं होतं. आई गेल्या आणि कंपनीनं मारलं बाबांना.

चूक कबूल करायलाही रीत असते. त्यानं ताबडतोब लिहायला घेतलं. बोटांना सवय होती, ती विचारायला थांबली नाहीत. मेल गेल्यावर त्यानं पहिली ओळ वाचली: ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे.’

उत्तर लगेच आलं.

‘कुशल म्हणता येईल. गुडघे दुखायचे थांबलेले नाहीत, याचं मात्र आश्चर्य वाटतं. माझ्या बाबतीत नजरचूक झाली असं आपण लिहिता, तो आपला सज्जनपणा. पण इथली परिस्थिती आपल्या पहिल्या मेलशी जुळते. घरात माणसं आली होती. सगळी माझ्याकडे बघून रडली. त्यांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. कोण गेलं, असं मी विचारलं, तर एकेकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मान हलवली. पत्नी दिसत नाही. हा धक्का तिला सोसला नसावा, बहिणीकडे गेली असेल. आपल्याशी पत्रव्यवहार चालू आहे तोवर तिला कळवता येईल का, की माझी काळजी करू नये?’

विनम्रच्या मानेवरून काहीतरी थंड सरपटत गेलं. खिडकीबाहेर भर दुपार होती, खाली कोणीतरी गाडी धुत होतं, आणि तरी त्यानं एकदा मागे वळून पाहिलं.

मागे दुरुस्तीच्या टेबलावरची ताई होती. डोळ्याला भिंग लावून ती एका यंत्राच्या पोटातला मळ काढत होती.

“ताई, या माणसाचं यंत्र आपल्याकडे आहे का?”

तिनं खात्याचा नंबर बघितला. “होतं की दुरुस्तीला. आज तुम्हीच खातं बंद केलंत ना? मग गेलं मयतांच्या खणात.”

“दुरुस्त झालं होतं?”

“कधीच. पण मेलेल्याला कोण पाठवतं?”

“ते मेलेले नाहीत.”

“मग तसं कळवा त्यांना.”

“कळवलं. पटत नाही म्हणतात.”

ताईनं भिंग वर सारलं. “माझ्या सासऱ्यांचं असंच आहे. त्यांना जिवंत आहेत हे पटतं, पण आम्हाला पटवून देत बसतात.” विनम्रनं स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिनं वाचलं आणि भिंग पुन्हा डोळ्यावर ओढून घेतलं, नको ते दिसू नये म्हणून बहुधा.

विनम्र पुन्हा लिहायला बसला. ‘खुलासा: दिवंगत व्यक्ती आपण नसून’ इथवर आला आणि थांबला. पुढचे दोन शब्द कुठल्याही ठरीव मजकुरात नव्हते. म्हाताऱ्याला जिवंत करायचं तर त्याच्या बायकोला मारायला हवं होतं, आणि तेही कंपनीच्या लेटरहेडखाली. त्यानं ओळ खोडली. तेवढ्यात आणखी एक मेल टपकला.

‘उत्तराची घाई नाही. आता वेळच वेळ आहे. फक्त ती जेवली का, एवढं कळावं.’

विनम्र उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

“मेल टाका ना एक छानसा,” साहेब म्हणाले. “तुम्हाला काय सांगायचं?”

“हे मेलवर सांगता येत नाही, साहेब.”

साहेबांनी मान वर केली. या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. “बरं, जाऊन या,” ते म्हणाले. “आणि बाईंचं यंत्र परत आणा. नियम आहे.”

मयतांच्या खणातून त्यानं यंत्र काढलं, नवी बॅटरी घातली आणि निघाला.

जिना अरुंद होता, तिसरा मजला. दार सुनेनं उघडलं. ओल्या हातांची, डोळ्यांखाली काळं. तो कोण हे ऐकताच ती एक छोटी डबी घेऊन आली.

“हे आईंचं. तुम्ही स्वतः कशाला आलात?”

“बाबांना माहीत नाही,” विनम्र म्हणाला.

“काय माहीत नाही?”

“आई गेल्याचं.”

“असं कसं? सगळ्यांनी सांगितलंय त्यांना. मान हलवली त्यांनी.”

“ते ऐकू न आलं की मान हलवतात. आमची सगळीच गिऱ्हाइकं हलवतात.”

“आई हॉस्पिटलात गेल्या, गुडघ्यांमुळे बाबांना तिथे नेलं नव्हतं. हे म्हणाले, मी सांगतो. मला वाटलं, यांनी सांगितलं. यांना वाटलं, आत्यांनी...” ती भिंतीला टेकली. “लिहून द्यायचा धीर कोणाला झाला नाही हो.”

आतल्या खोलीत बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दोन खुर्च्या समोरासमोर होत्या, मध्ये छोटं टेबल, त्यावर एक रिकामी बशी. दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर बायकी शाल होती. खोलीत इतकी शांतता होती की विनम्रला स्वतःच्या बुटांची लाज वाटली.

बाबांनी मान वळवली आणि त्याच्याकडे पाहून, घरचा माणूस ओळखावा तसे हसले.

“तुम्हीच ना, कळवलं ते?” बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ते म्हणाले. “बसा. तिच्या नको, या खुर्चीवर बसा.” आणि स्वतः उठायला लागले. विनम्रनं घाईनं त्यांना बसवलं आणि त्यांच्या कानात यंत्र लावलं. दोनदा लावावं लागलं.

यंत्र सुरू झालं. बाबांनी डोळे मिटले. बाहेर नळ ठिबकत होता, खाली रस्त्यावर कोणी कोणाला हाक मारत होतं. ते बराच वेळ ऐकत राहिले. या सगळ्यातून एकच आवाज शोधत असावेत, आणि तो नव्हता.

“सांगा,” ते म्हणाले.

विनम्रनं सांगितलं. अगदी साध्या शब्दांत. सुरुवातीला नमस्कार नाही, शेवटी विनम्र नाही. दारात सून पदर तोंडावर धरून उभी होती.

बाबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

“तुमचा पहिला मेल जास्त चांगला होता हो,” ते शेवटी म्हणाले.

“माफ करा, बाबा.”

“नाही, नाही. भाषा फार सुरेख होती.” मग त्यांचं लक्ष सुनेच्या हातातल्या डबीकडे गेलं. “ते इकडे दे.”

“ते परत द्यायचंय, बाबा. यांचा नियम आहे.”

बाबांनी विनम्रकडे पाहिलं. विनम्रनं जन्मात पहिल्यांदा एका ग्राहकाला उत्तर दिलं नाही.

बाबांनी डबीतून बायकोचं यंत्र काढलं, खटका सरकवून चालू केलं आणि समोरच्या खुर्चीपुढच्या बशीत ठेवलं. मग वाकून, त्याभोवती दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंड जवळ नेलं.

यंत्र बारीक शिट्टीसारखं वाजायला लागलं. सून एक पाऊल मागे सरली.

“ऐकतेय,” बाबा हळूच म्हणाले.

चालू यंत्र ओंजळीत धरलं की त्याचाच आवाज त्याच्यात शिरतो आणि शिट्टी वाजते. ‘असे झाल्यास घाबरू नये’, हे वाक्य विनम्रनं आयुष्यभर लोकांना लिहिलं होतं. रिकामी डबी त्यानं खिशात टाकली आणि पावलं न वाजवता बाहेर आला.

जिन्यातही ते ऐकू येत होतं. शिट्टी वाजायची, थांबायची. मग बराच वेळ काहीच नाही. दुसऱ्या मजल्यावर तो कठड्याला धरून उभा राहिला. वर बाबांचं बोलणं चाललं होतं, ते मध्येच थांबत होते, कोणाचं तरी बोलणं पुरं होऊ द्यावं तसे, आणि मग म्हणत होते, “बरं. पण तू जेवलीस का?”