दरवाज्यावरची तीन बोटं

मी एक जुना दरवाजा आहे. घराचा नव्हे बरं का मित्रांनो, गाडीचा. मला उंबरठा नाही, कडी नाही आणि आता तर गाडीही नाही. लातूरला औसा रोडवर शरणप्पांचं गाड्या पॉलिश करायचं दुकान आहे. तिथे एका लाकडी घोडीवर मी उभा असतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. आधी राखाडी प्रायमर, त्यावर मरून रंग आणि सगळ्यात वर काचेसारखं पारदर्शक लॅकर, असे कपडे मला चढवले. ते सगळे मिळून वहीच्या एका कागदाएवढे जाड. पत्रा भक्कम दिसतो म्हणून लोकांना रंगही भक्कम वाटतो. तसं नसतं.

मी मागचा, डाव्या बाजूचा. मालकांची पोरं माझ्याच खिडकीतून हात बाहेर काढायची आणि ओरडा खायची. नवा होतो तेव्हा लोक माझ्यात बघून केस विंचरत. पण उन्हाळ्यात शहरात पाण्याची टंचाई झाली, की मालक धुळीने भरलेल्या गाडीवर कोरडंच फडकं मारायचे. हेतू चांगला होता, पण कोरडी धूळ रंगाला ओरबाडते. माझ्या अंगावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसू लागल्या. मग मुरुडजवळ एकदा उसाची ट्रॉली घासून गेली आणि माझी चौकट वाकली. गाडीला नवा दरवाजा बसला, मी भंगारात गेलो. त्या दिवशी फार एकटं वाटलं.

भंगारातून मला शरणप्पांनी उचलून आणलं. त्यांच्या दुकानाचा एकच नियम, "आधी दरवाज्यावर, मग गाडीवर." शिकायला येणाऱ्या प्रत्येकाने पॉलिशची मशीन पहिल्यांदा माझ्यावर चालवली आणि बहुतेकांनी मला जाळलं. मशीन एका जागी रेंगाळली की रंग तापतो आणि लॅकर उडून जातं. शरणप्पा तिथे पुन्हा रंग मारायचे, पुन्हा कुणीतरी जाळायचं. राग यायचा, नाही कसा येणार? पण माझ्यावर जळलं म्हणजे कुणाच्या तरी गाडीवर वाचलं, हेही मला कळत होतं.

शिकणाऱ्यांत मला सगळ्यात आवडली ती अंबिका, शरणप्पांची सून. तिने आधी मला पाण्याने नीट धुतलं, मगच मशीन लावली. मशीनचं फिरतं पॅड सपाट ठेवायचं, हात फिरता ठेवायचा, मधूनमधून पंजाची मागची बाजू लावून पत्रा तापला का ते बघायचं. आई तापलेल्या लेकराच्या कपाळाला हात लावते ना, तशी ती मला हात लावायची. तिच्या हाताखाली मी पुन्हा आरशासारखा झालो. कौतुकाने मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू!

दसरा जवळ आला तशी दुकानात गाड्यांची रांग लागली. शिरूर अनंतपाळचे शेतकरी अण्णाराव आपली जुनी, माझ्याच मरून रंगाची गाडी घेऊन आले. दसऱ्याला लेक ऋतुजा बाळंतपणानंतर पहिल्यांदा सासरी निघणार होती. तिला चकचकीत गाडीतून पोचवायची, एवढी त्यांची हौस. शरणप्पांनी ही गाडी अंबिकाच्या हाती दिली. गिऱ्हाइकाची तिची ही पहिलीच गाडी.

काम सुरेख चाललं होतं. मी घोडीवरून बघत होतो. मागच्या दरवाज्याच्या घडीवर, जिथे पत्रा धारेसारखा वळतो, तिथे मशीन गेली आणि पांढऱ्या पॅडवर मरून रंग उतरला. अंबिकाने झटकन मशीन बंद केली. पण घडीवर प्रायमरचा नखाएवढा राखाडी डाग उघडा पडला होता.

"मामा, रंग जाळला म्या," ती कशीबशी म्हणाली.

शरणप्पांनी वाकून बघितलं. "धार राखाया टेप लावली न्हाईस?"

"दरवाज्यावर कधी लावली न्हाई, तरी कधी जळलं न्हाई."

"त्याच्यावर माझ्या हातचे लई थर हायत गं, त्यो सोसतो. गाडीची धार लई पातळ असती. हे तुला आधीच सांगाया पायजे होतं, माझं चुकलं."

अंबिकाने मशीन खाली ठेवली. "म्या आता मशीन धरणार न्हाई."

हिचा हात थांबला तर मी हिला शिकवून काय मिळवलं?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शरणप्पांनी पॉलिशची मशीन, रंग फवारायची गन, पाने, सगळं धुऊन पाटावर मांडलं, विभूती लावली, झेंडू वाहिले. त्या दिवशी पूजेला बसलेलं हत्यार कुणी उचलत नाही. अण्णाराव तर संध्याकाळी गाडी न्यायला येणार होते.

"मशीन पूजेला बसली," शरणप्पा सुनेला म्हणाले, "हात थोडेच बसलेत?"

अंबिका उठली. वाटीत मरून रंग कालवून तिने आधी माझ्यावर ठिपका देऊन बघितला. गडद झाला. पुन्हा कालवला. तिसऱ्यांदा तो माझ्या रंगात मिसळून गेला, तेव्हाच ती गाडीकडे वळली. डाग पुसून घेतला आणि बारीक ब्रशने रंगाचा पातळ थर दिला. वाळू दिला, पुन्हा दिला. वर लॅकर. ते वाळल्यावर ओल्या पॉलिश पेपरने हलकेच घासून मऊ फडक्याने हातानेच चमकवलं. दिवसभर तिने मान वर केली नाही.

अण्णाराव आले, गाडीभोवती फिरले आणि खूश झाले. अंबिका पुढे झाली. "काका, हितं माझ्या हातनं रंग जळाला व्हता. ब्रशनं भरलाय. आठ दिस धुऊ नगा. महिन्यानं आणा, गनीनं पक्का करून देते. त्याचे पैशे न्हाईत."

अण्णारावांनी चष्मा लावून घडीवर बोट फिरवलं. "मला तर दिसलं बी नसतं. कामून सांगितलं?"

"मला रोज दिसलं असतं."

अण्णारावांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग शरणप्पांना म्हणाले, "महिन्यानं आणतो. पण गाडीला हात ह्या पोरीनंच लावायचा, दुसऱ्या कुणी न्हाई."

गाडी गेली. अंबिकाने डोळे पुसले, पाटाजवळ जाऊन ओल्या विभूतीत तीन बोटं बुडवली आणि थेट माझ्याकडे आली. माझ्या मधोमध तिने तीन पट्टे ओढले. इतकी वर्षं हत्यारांची पूजा मी कोपऱ्यातून बघितली होती. माझी कुणी केली नव्हती, मित्रांनो.

दसरा झाल्यावर तिने पुन्हा मशीन धरली. आता नवा कुणी शिकायला आला, की ती आधी माझ्या धारेवर टेप लावायला सांगते.

तुम्हीही गाडी धुतल्याशिवाय पुसू नका. पूजेची ओली विभूती आणि कुंकू लगेच पुसून घ्या, नाहीतर रंगावर कायमचा डाग राहतो. माझ्यावर तो राहिला आहे. धारेची टेप लावून झाली, की अंबिका स्वतः उठते आणि त्या तीन बोटांवरही टेप लावते.