समुद्राकडे पाठ केलेली भिंत

पोर्थकेरा या कोळ्यांच्या गावातल्या धक्क्यावरचा ‘टार बकेट’ पब समुद्राला अगदी खेटून उभा, तरी आत बसलं की समुद्र औषधालाही दिसत नसे. दार गल्लीकडे, खिडक्या गल्लीकडे, आणि लाटांच्या बाजूला ग्रॅनाइटची जाडजूड आंधळी भिंत. बांधणारे काही खुळे नव्हते. दिवसभर जीव मुठीत धरून जाळी ओढणाऱ्या कोळ्यांनी ती उभी केली होती. बिअर पिताना तरी त्या समुद्राचं तोंड बघायला नको, एवढंच त्यांचं मागणं.

पब चालवणाऱ्या लव्हडे ट्रेमेन या बाईला हे बाळकडूतच मिळालेलं. पण लंडनच्या कंपनीने इमारत विकत घेतली आणि कंपनीच्या फॅन्शॉसाहेबाने आल्या आल्या त्या भिंतीवर टिचक्या मारल्या.

“एवढा सुंदर देखावा, आणि तुम्ही त्याला पाठ दाखवून बसता?”

“लोक त्यासाठीच येतात, साहेब.”

“कुठले लोक? कोपऱ्यात भिंतीकडे टक लावून बसलेला तो म्हातारा?”

तो म्हातारा म्हणजे डेन्झिल रोस्कारॉक. त्याचा मुलगा जोरी बंदराच्या तोंडाशी, काळ्या खडकावर होडी आपटून गेला. डेन्झिलच्या घराच्या प्रत्येक खिडकीतून तो खडक दिसे. गावात एवढी एकच खोली होती, जिथे त्याला तो दिसत नसे. लव्हडेने हे सगळं सांगितलं. साहेबाने मान डोलावली आणि वसंतात भिंत फोडली.

भिंतीच्या जागी काच आली. शेजारी पाटी लागली: चोरटा माल लपवणाऱ्यांनी ही भिंत आंधळी ठेवली होती, आज ते रहस्य उघड होत आहे! लव्हडेच्या अंगाचा तिळपापड झाला. घाम गाळून मेलेल्या माणसांना आता चोर ठरवायचं, तेही पर्यटकांच्या करमणुकीसाठी!

उद्घाटनाला डेन्झिल नेहमीसारखा टोपी काढून आत आला. काचेच्या बरोब्बर मध्ये काळा खडक होता. डेन्झिलने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

“चुकून भलतीकडे शिरलो वाटतं, पोरी,” म्हणाला आणि निघून गेला.

“काय झालं त्यांना?” फॅन्शॉ म्हणाला. “सगळ्यात छान जागा त्यांच्यासाठीच राखली होती.”

लव्हडेने हातातला ग्लास आपटला. “जाळा तुमची ती छान जागा!” मग गल्लीत जाऊन ती ओरडली, “फळ्या आणा रे! वादळाच्या फळ्या!”

हिवाळ्यात लाटा घरात शिरू नयेत म्हणून दारांना लावायच्या डांबर फासलेल्या फळ्या. घराघरातून त्या आल्या, कुणी एका शब्दाने विचारलं नाही. भर उन्हात काचेवर फळ्या चढल्या, चौकटीत खिळे ठोकले जाऊ लागले.

“अहो, वादळ कुठे आहे?” फॅन्शॉ किंचाळला. “उद्यापासून ही जागा तुमची नाही, कळलं?”

“उद्याचं उद्या. आजचा दिवस तरी पब माझ्या हातात आहे. बाजूला व्हा, खिळा लागेल.”

शेवटचा खिळा बसल्यावर ती डेन्झिलला हाताला धरून घेऊन आली. तो आपल्या कोपऱ्यात बसला आणि मधल्या फळीकडे बघत राहिला.

“ही माझ्या दाराची.”

“हो, काका. न विचारता आणली.”

“जोरी गेला त्या दिवशी लावलीच नव्हती मी,” डेन्झिल म्हणाला. “पाणी घरात शिरत होतं, पण दार उघडं ठेवलं. म्हटलं, पोरगा आला तर बाहेर राहायला नको.”

लव्हडेने त्याच्यासमोर बिअर ठेवली. फॅन्शॉ अजून फोनवर कुणाला तरी ओरडून काचेची किंमत सांगत होता.