वाट देऊ, अंगण नाही

मित्रांनो, माझ्या अंगावर सगळा युरोप आहे. मी कापडी नकाशा, जुना असलो तरी ताठ. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या एका मराठी शाळेत मी वर्षानुवर्षे मानाने टांगलेला होतो. मग सोव्हिएत संघ फुटला, मी खोटा ठरलो आणि मला माळ्यावर टाकले. फार वाईट वाटले. शेवटी त्याच शाळेतल्या वाल्मिक सरांनी मला घरी नेले, शाईने माझ्यावर नवे देश आखले आणि चाळीच्या ओट्यावर लटकवले. तेव्हापासून मी पुन्हा खरा आहे, हे मी कोणालाही सांगेन.

आमची चाळ पाच खोल्यांची. पूर्वेला पन्नास खोल्यांची मोठी चाळ. त्यांची नळाकडे जायची वाट आमच्या अंगणातून, आणि आमच्या लेकीसुनांचा आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, झोका त्यांच्या कडुलिंबाला. १९९८च्या उन्हाळ्यात तिकडची एक सायकल आमच्या चाळीतल्या सुभद्राबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवरून गेली. त्यांचे यजमान भिकन कापडाच्या लूमवर काम करणारे, मोठे तापट. त्यांनी सूत गुंडाळायचा जुना लोखंडी बीम आणून वाटेत आडवा टाकला. दुसऱ्याच दिवशी पलीकडून निरोप आला की यंदा झोका बांधायचा नाही. सुभद्राबाईंची कविता लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येणार होती. लेकीला आता काय सांगू, म्हणून त्या रडल्या.

सरांनी भिकनना माझ्यासमोर बसवले आणि नखाएवढ्या लिथुआनियावर बोट ठेवले. ते सांगू लागले: रशियाचा एक तुकडा या देशाच्या पलीकडे, समुद्राकाठी पडला आहे. तिकडे जाणाऱ्या रशियन गाड्या लिथुआनियातूनच जातात. त्याने त्या अडवल्या नाहीत. नियम मात्र स्वतःचे लावले, आणि गेल्याच वर्षी सीमेच्या करारावर रशियाची सही घेतली.

भिकनना पटेना. "त्या पन्नास घरं, आपन पाच. वाट सोडी दिधी ते डोकावर बठतीन."

"वाट द्यायची भिकनभाऊ, अंगण नाही. अटी आपण सांगायच्या."

भिकननी लिथुआनियावर स्वतः बोट ठेवून पाहिले. मग उठून त्यांनी बीम बाजूला केला आणि भिंतीलगत चुन्याची रेघ ओढली. मोठ्या चाळीचे पुढारी बन्सीलाल आले, तेव्हा भिकननी रेघेवर उभे राहूनच अट सांगितली: रेघ आणि भिंत यांच्यामधून, पायी, सायकल हातात धरून. बन्सीलालनी रेघ पाहिली, होकारार्थी मान हलवली आणि कविता माहेरी कधी येणार ते विचारले,

"पोर कव्हय येस?"

आखाजीला त्यांच्या कडुलिंबावर कविताचा झोका एवढा उंच गेला की ओट्यावरून मलाही ती दिसली.

मित्रांनो, जुना नकाशा माळ्यावर टाकू नका. त्याच्यावर नव्या रेघा ओढा. आणि शेजारी कितीही मोठा असो, आपल्या रेघेवर उभे राहून त्याच्याशी बोला.